अर्लचं कार्ड

ब्लफ्टन, इंडियाना
३ मार्च २०२५

ऑरिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र शेगडीत टाकलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मी करते. फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, तेव्हा तिकिटाचा भुर्दंड तुझ्यामुळे.

आधीच सांगते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. कामाचं लिहितेय. सापांच्या प्रदर्शनवाल्या क्रॅबट्रीबाईंनी नवा नियम काढलाय. दाराजवळचा कोपरा पुढच्या वर्षीपासून फक्त दोन नावांच्या टेबलाला मिळणार. एकट्यादुकट्याला मागची रांग, संडासाशेजारी. बावीस वर्षं तो कोपरा आपला आहे. आत शिरलेला माणूस, खिसा अजून भरलेला असताना, पहिल्यांदा आपल्यापाशी थांबतो. टेबलाच्या अर्जावरची दुसऱ्या नावाची ओळ गेली सहा वर्षं मी कोरी सोडतेय. आता नोव्हेंबरअखेर ती भरावी लागेल, आणि मला तिथे तुझंच नाव घालायचंय. दुसरं कोणी सुचत नाही असं समजू नकोस. शेजारच्या टेबलावरचा हर्शेल एका पायावर तयार आहे. पण सापांना घालायच्या त्याच्या गोठवलेल्या उंदरांच्या पेट्यांशेजारी उभं राहून राहून मला त्या वासाचा वीट आलाय, आणि भाव करताना तो मध्येच हसतो. हसणाऱ्या माणसाबरोबर टेबल लावता येत नाही.

हर्शेलच सांगत होता, तू जानेवारीत तिकडे डुलुथजवळच्या कुठल्यातरी प्रदर्शनात दिसलास. दोन तास फिरलास, एकाही डब्याला हात लावला नाहीस, एका पिल्लाचा भाव विचारलास आणि निघून गेलास. तो म्हणाला, "वर्ना, साप विकून टाकलेला माणूस भाव विचारतो म्हणजे काय समजायचं?" मी म्हटलं, भाव जास्त होता असं समजायचं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून ते जाईना.

आता अर्लबद्दल. तो विषय टाळून पत्र लिहिता येईल असं वाटलं होतं, पण येत नाही. नऊ वर्षांपूर्वी रविवारी दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर, आपापला माल वेगळा ठेवायला टेबलाच्या मधोमध लावलेल्या टेपच्या तुझ्या बाजूला मी आले आणि तुझं एक पिल्लू घेतलं, तोच हा अर्ल. कार्डावर तुझ्या हाताने लिहिलं होतं, नर, चारशे डॉलर. मी भाव केला, तू सव्वातीनशेला दिलंस. बहीणभाऊ असलो तरी टेपपलीकडे परक्यासारखा भाव करायचा हा नियम तुझ्यामाझ्यात पहिल्यापासून होता, आणि कार्डावर लिहिलेलं नर-मादी शेवटचं, नंतर तक्रार नाही, हा अख्ख्या धंद्याचा नियम. तीन वर्षांनी अर्लने सात अंडी घातली, म्हणजे नराच्या कितीतरी पट भावाची मादी निघाली. ह्यात माझा काय दोष? तुझ्या कार्डांची अदलाबदल झाली असेल. नर-मादी शेपटीवरून ओळखतात, त्या शेपटीने मलाही फसवलं. तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही तेच सांगते.

अर्ल मजेत आहे. पुरुषाचं नाव ठेवलं होतं, ते बदललं नाही. एवढी अंडी घालूनही ती अर्लच.

मार्लीसला सांग, भावजयीची भोपळ्याच्या पावाची रीत मी अजून वापरते.

वर्ना


ब्लफ्टन
२८ एप्रिल २०२५

ऑरिन,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. गिऱ्हाईक गप्प बसलं की आपण बोलायचं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे, पण तू गिऱ्हाईक नाहीस म्हणून बोलतेय.

कालच वसंतातलं प्रदर्शन संपलं. काय धंदा झाला म्हणून सांगू. शनिवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या एक धिप्पाड माणूस आला आणि पिल्लाकडे न बघताच म्हणाला, "शेवटचा भाव बोला." मी कार्डाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "हा तर पहिला भाव झाला." मी म्हटलं, "शेवटचा रविवारी संध्याकाळी असतो. तोवर हे पिल्लू राहणार नाही, तुम्ही राहाल." शेजारी हर्शेल हसला, अर्थातच. अर्ध्या तासाने तो माणूस परत आला आणि कार्डावरचे पैसे मोजून गेला. जाताना मी त्याला पाण्याचं भांडं फुकट दिलं. भाव सोडायचा नाही, वस्तू सोडायची, हे तुला मीच शिकवलं होतं. तू नेहमी उलटं करायचास.

आणि एक बाई. शाळेत शिकवते म्हणाली. तिने आधी पिल्लू हातात घेतलं, मग विचारलं काय खातं, किती दिवसांनी खातं, मागचं खाणं कधी झालं, वजनाची वही दाखवा. पैशाचा शब्द नाही. वीस मिनिटं मी उत्तरं देत राहिले, आणि मग तिने खाली बघून हळूच म्हटलं, "मला दोन घ्यायची आहेत, पण एकाचेच पैसे आणलेत." मी एकाच्याच किमतीत दोन्ही देऊन बसले. ती दाराबाहेर गेल्यावर लक्षात आलं की मला कापलं. इतका आनंद झाला मला, विचारू नकोस. असं कापणारं माणूस आता क्वचित भेटतं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या रांगेत एल्डन स्प्रेग नावाचे गृहस्थ होते, कोकोमोचे, निवृत्त पोस्टमन. पहिलंच टेबल. इस्त्रीचा शर्ट, आठ पिल्लं, सगळी कार्डं मोजपट्टी लावून लिहिल्यासारखी. एका डब्यावर लिहिलेलं, नर, पाचशे. रंग एकदम नवीन, असल्या मादीला आज डोळे मिटून चौदाशे येतात. मी पिल्लू हातात घेतलं. स्प्रेग दुसऱ्या गिऱ्हाइकाला उंदीर कसा कोमट करायचा ते समजावत होते. मी अंगठा शेपटीच्या बुडाशी ठेवला, जरासा दाबला, आणि कळलं की मादी आहे. तत्क्षणी कळलं, जसं

असो. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "मिस्टर स्प्रेग, कार्ड बदला. ही मादी आहे." ते बिचारे गोंधळले. "तुमची खात्री आहे, मॅडम?" मी करून दाखवलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, नर खोडून मादी लिहिलं, नवी किंमत टाकली. मग मला म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून तुम्हाला हजाराला देतो." मी नको म्हटलं. चौदाशे माझ्याकडे नव्हते आणि हजाराला घ्यायची लाज वाटली. त्याऐवजी त्यांचा दुसरा एक नर घेतला, तीनशेचा दोनशे दहाला आणला. तिथे मी तसूभरही दया दाखवली नाही, ते तुला सांगून ठेवते.

हर्शेल म्हणाला, "वर्ना, तू आजारी आहेस का?" नाही. ठणठणीत आहे.

अर्जाचं लक्षात ठेव.

वर्ना


ब्लफ्टन
१९ मे २०२५

ऑरिन,

सहा वर्षांनी तुझं पोस्टकार्ड आलं. पुढे खनिज वाहणाऱ्या जहाजाचं चित्र, मागे दोन शब्द: "जसं काय?"

तू असाच. लहानपणीही सगळं ताट सोडून नेमका एकच घास मागायचास.

दोन दिवस मी ते कार्ड फ्रीजवर लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी काढून खणात टाकलं. चौथ्या दिवशी परत लावलं. उत्तर लिहायला बसले तर आधी टोमॅटोच्या रोपांबद्दल पान भरून लिहिलं. ते फाडलं. बाबांबद्दल लिहिलं, की डुकरांच्या बाजारात ते कसे म्हणायचे, विकणाऱ्याला आपलं जनावर ओळखता येत नसेल तर ते शिकवायचे पैसे वेगळे पडतात. तेही फाडलं, कारण बाबांनी कधी स्वतःच्या भावाकडून डुक्कर घेतलं नव्हतं.

तर ठीक आहे. मला शंका होती. अर्ल घेतानाच शंका होती. ती मी बोलून दाखवली नाही. तू भाव सांगितलास, मी आणखी कमी करायला लावला. आता आणखी खोदू नकोस.

पण मला वाटतं तुला त्यापेक्षा दुसरं लागलं. अंडी घातली त्या वर्षी प्रदर्शनानंतर आपण सगळे जेवायला बसलो होतो, बारा माणसं, आणि मी मोठ्याने किस्सा सांगितला की माझ्या भावाने मला मादी नराच्या भावात विकली. सगळे पोट धरून हसले. मी वर बघितलं तर तू माझ्या मागे ताट घेऊन उभा होतास. तू मला बाजूला नेऊन एकच विचारलंस, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. तू ताट टेबलावर ठेवलंस आणि बाहेर गेलास. महिन्याभरात तू सगळे साप विकलेस, घर विकलंस आणि डुलुथला गेलास. मी लोकांना सांगत राहिले की मार्लीसला तिच्या आईजवळ राहायचं होतं.

आणखी एक आहे, ते तू विचारलेलं नाहीस, मीच सांगते. तो फिकट मधासारखा रंग जमवायला तू सहा वर्षं घातलीस, कुणाची जोडी कुणाशी लावायची त्याच्या वह्याच्या वह्या भरल्यास. अर्लची पिल्लं मी विकायला लागले तेव्हा लोक त्याला "वर्नाचा रंग" म्हणायला लागले. मी एकदाही कुणाला थांबवलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

मला हे असं लिहायला आवडत नाही. मी भांडायला चांगली आहे, ह्याला नाही. प्रदर्शन अठरा आणि एकोणीस ऑक्टोबरला आहे. रविवारी दुपारी तीनला ये. अर्ल टेबलावर असेल. इतकी वर्षं तिला विकायला कधी काढलं नाही, ह्या खेपेला काढतेय. गिऱ्हाईक म्हणून ये हवं तर.

वर्ना


ब्लफ्टन
२० ऑक्टोबर २०२५

ऑरिन,

कालची गोष्ट तू तुझ्या बाजूने पाहिलीस. माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितेय. आणि तू फार गर्वाने गाडी चालवत गेलास, तोही थोडा उतरवायचाय.

अर्लच्या डब्यापुढचं कार्ड पाहून तू चमकलास. ते तुझंच होतं, नऊ वर्षांपूर्वीचं. ते मी का जपलं, मला विचारू नकोस. नर, चारशे डॉलर, खाली तुझी सही आणि "रंग जमवणारा: ऑरिन क्विग्ली." शनिवारी सकाळपासून ते तिथे होतं. जो येईल तो विचारत होता, "वर्नाबाई, हा रंग तुमचा ना?" आणि मी प्रत्येकाला म्हणत होते, "वाचता येतं ना? खाली नाव लिहिलंय." दोन दिवसांत पन्नासदा तरी म्हटलं असेन. पहिल्या दहा वेळा जड गेलं, नंतर सवय झाली. आणि जे कोणी नर म्हणून घ्यायला निघाले त्यांना सांगितलं, हे जनावर राखून ठेवलंय.

माझा बेत असा होता. तू येशील, कार्ड बघशील, अर्लला हातात घेशील, तुला कळेल. मग तू गप्प बसशील आणि नराच्या भावात मादी घेऊन जाशील. अगदी मी केलं तसंच. म्हणजे फिटलं. मी तुला कापायची संधी ताटात वाढून ठेवली होती, आणि मला वाटत होतं हा माझा मोठेपणा आहे. दुपारी एकपासून मी दाराकडे बघत होते. दोनला मनाशी म्हटलं, येत नाही तो. पावणेतीनला हर्शेल म्हणाला, "वर्ना, बस जरा." मी नाही बसले.

तीनला पाच मिनिटं कमी असताना तू आलास. दाढी वाढवलीस, ती शोभत नाही. मी म्हटलं, "काय हवंय, साहेब?" तू म्हणालास, "बघतोय नुसता." चेहरा मी ढिम्म ठेवला, बाबांनी शिकवल्यासारखा. तू अर्लला उचललंस, आणि ती भवानी तुझ्या मनगटावर अशी गुंडाळून बसली की जणू तूच तिला रोज खायला घालतोस. मी म्हटलं, "तुम्ही बघा निवांत, मी कॉफी आणते."

कॉफी मला प्यायची नव्हती, ऑरिन. नऊ वर्षांपूर्वी कॉफी आणायला तू गेला होतास. माझ्यासाठीच. तेवढ्यात मी तिला उचलून अंगठा लावला होता. शंका वगैरे काही नव्हती, मे महिन्यात मी अर्धं खोटं लिहिलं. तू दोन कप घेऊन परत आलास तेव्हा मला पक्कं माहीत होतं, आणि तुझ्या हातातला कप घेऊनच मी भाव पाडायला सुरुवात केली. म्हणून काल मी पाठ फिरवून गेले आणि मुद्दाम रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिले.

परत आले तेव्हा तू तसाच उभा होतास. मी कप पुढे केला. तू घेतला नाहीस. म्हणालास, "मॅडम, कार्ड चुकलंय. ही मादी आहे."

माझा सगळा बेत तिथेच फसला. मी म्हटलं, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू कॉफी आणायला गेलास तेव्हापासून."

शेजारी हर्शेल हसला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तू म्हणालास, "मला माहीत होतं, वर्ना. ह्या हॉलमध्ये तुझ्याइतका अंगठा कुणाचा चालत नाही. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." आणि मग कप घेतलास. मी म्हटलं, चुकलं माझं. मोठ्याने म्हटलं, तू ऐकलंस, समोरच्या टेबलावरच्या सरडेवाल्यानेही ऐकलं. त्या जेवणाच्या वेळी बारा माणसं होती, काल एवढीच होती, पण मी सुरुवात केलीय.

मी म्हटलं, "घेऊन जा तिला. तुझीच आहे." त्यावर तू जे तोंड केलंस ते बाबांचं होतं. "फुकट नेलं की उपकार होतो. मादीचा भाव सांग."

आता तो भाव सांगताना मला किती कठीण गेलं ते तुला कळलं नसेल. सहा वर्षं त्या रंगाची पिल्लं मीच घरोघर पोचवलीत, भाव कधीच कोसळलाय. मी म्हटलं, "साडेतीनशे."

तू अर्लकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. "साडेतीनशे? ह्यासाठी सहा वर्षं बोलायचं बंद?"

तेव्हा मी आधी हसले की तू, ह्यावर हर्शेलची आणि माझी अजून पैज चालू आहे.

पण त्यानंतर तू जे केलंस त्याला बेशरमपणा म्हणतात. दोनशेवर अडून बसलास. "वय झालंय तिचं," म्हणालास. नऊ वर्षांची मादी, पाच वेळा अंडी घातलेली, तिला वय झालं म्हणतोस? मग गप्प बसलास. मला माहीत असूनही मीच बोलले आणि तीनशेवर आले. मग तू हर्शेलकडे उंदरांचे भाव विचारायला गेलास, पाठमोरा, अगदी सावकाश, आणि मी इकडे टेबल आवरायचं नाटक करत होते. परत आलास तेव्हा म्हणालास, "दोनशे चाळीस, आणि महिन्याचे उंदीर तू घालणार." आणि मी हो म्हटलं! बावीस वर्षांत माझ्याकडून कुणी इतकं सोडवून घेतलेलं नाही. भाव सोडायचा नाही, वस्तू सोडायची, असं मी सांगते, आणि तू दोन्ही सोडवून घेतलंस. कुठे शिकलास हे? मी तर शिकवलं नव्हतं.

तिला दर दहा दिवसांनी मध्यम उंदीर दे, चांगला कोमट करून, नाहीतर ती तोंड फिरवते. आंघोळीच्या टबात सोडू नकोस, रुसते. मार्लीसला हात लावू देईल, तुला आधी नाही देणार. काल लागली हाती ते विसर, तो गर्दीचा परिणाम होता.

तू गेल्यावर मी टेबल गुंडाळायला घेतलं. डब्यांची चळत झाली, टेबलावरचं कापड झटकलं, तर त्याखालून कार्ड निघालं. तू ते नेलं नाहीस. मला वाटलं विसरलास. मग उजेडात धरलं. नर खोडून तू मादी लिहिलंयस, तुझ्या त्या शाळकरी अक्षरात. किंमत खोडली नाहीस. आणि खाली, "रंग जमवणारा: ऑरिन क्विग्ली" च्या पुढे, पेनाची शाई संपत आलेली असावी, कारण दोनदा गिरवलंयस: "आणि वर्ना."

ते मी मागितलं नव्हतं. मागायची हिंमतही केली नसती. गाडीत बसून मी रडले, आता समाधान झालं असेल तुझं. हर्शेल खिडकीवर टकटक करून विचारत होता, डोळ्यांत काही गेलं का. मी म्हटलं, उंदरांचा वास गेला.

अर्ज आज सकाळी क्रॅबट्रीबाईंच्या हातात दिला. दोन्ही ओळी भरल्या आहेत, कार्डावरच्याच क्रमाने, आधी तू, मग मी. एप्रिलच्या शनिवारी दार सातला उघडतं. टेप मी आणणार नाही. हवी असेल तर तू घेऊन ये आणि कुठे लावायची ते माझ्याशी भांडून ठरव.

वर्ना